पॅरिसच्या ऑर्गनवर देवगिरीचे ताल

दूरदेशी

चार वर्षं झाली, मी पॅरिसला राहतो. घरात तबला होता, मीही सात-आठ वर्षं शिकलो. पाइप ऑर्गनबद्दल मात्र काही म्हणता काही ठाऊक नव्हतं. मागच्या हिवाळ्यात एका रविवारी सँ-लाझार स्टेशनाजवळून चालत होतो. पाऊस आला म्हणून समोरच्या चर्चमध्ये शिरलो. ते त्रिनिते. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची उपासना, नुकतीच संपली होती, लोक उठून निघाले होते, आणि माझ्या पाठीमागून, बरंच वरून, ऑर्गन सुरू झाला. इथे ऑर्गन बहुधा वेदीपाशी नसतो, मुख्य दरवाजाच्या वर माडीवर असतो. वादक दिसत नाही. खालचा स्वर आधी कानाला कळला नाही, बाकाच्या लाकडाला टेकलेल्या पाठीला कळला. कान नंतर जागे झाले.

लोक निघून गेले, मी बसून राहिलो. बाहेर पडताना दाराशी ठेवलेलं पत्रक घेतलं. याच माडीवर ऑलिव्हिए मेसियाँ वाजवत असत. १९३१ साली नेमणूक झाली तेव्हा त्यांचं वय २२. १९९२ साली ते वारले तोपर्यंत ही जागा त्यांचीच होती. मधला युद्धकैदेचा काळ सोडला तर साठ वर्षं एकच वाद्य. विसाव्या शतकातले एवढे मोठे रचनाकार, जगभर बोलावणी येत होती, तरी रविवारी मिस्सेला वाजवायला इथे हजर.

मग त्यांच्याबद्दल वाचत गेलो. १९५१ सालची त्यांची 'लिव्र दॉर्ग' ही रचना आहे, म्हणजे 'ऑर्गनची वही'. तिच्यातल्या पहिल्या तुकड्याची माहिती वाचताना तीन शब्द समोर आले: प्रतापशेखर, गजझंप, सारस.

हे आपले ताल आहेत. शार्ङ्गदेवांच्या 'संगीतरत्नाकर'मधल्या तालाध्यायात १२० देशी ताल दिले आहेत, त्यांतले. शार्ङ्गदेव तेराव्या शतकात यादवांच्या दरबारी होते, राजा सिंघण, राजधानी देवगिरी. म्हणजे आपला दौलताबादचा किल्ला. माझं आजोळ संभाजीनगरचं. लहानपणी त्या किल्ल्याच्या अंधारी वाटेत आजोबांचा हात धरून मी चढलो आहे. तिथल्या दरबारात लिहिलेले ताल सातशे वर्षांनी या माडीवर वाजले, हे वाचल्यावर मला त्या रात्री झोप लागली नाही.

त्या तुकड्यात हे तीन ताल तीन पात्रांसारखे येतात. एक दर फेरीला थोडा वाढतो, दुसरा तेवढाच घटतो, तिसरा जसाच्या तसा राहतो. मेसियाँ त्याचं वर्णन रंगमंचासारखं करत: एक जण मारतो, दुसरा मार खातो, तिसरा न हलता बघत उभा. मग तोच सगळा कालक्रम ते वेगवेगळ्या वाटांनी वाचतात, दोन्ही टोकांकडून मध्याकडे, मध्याकडून टोकांकडे, आणि शेवटी उलटा.

इथे कुणी हे ऐकलं आहे का? तालाच्या जाणकारांना त्यात ताल दिसतो का? मी ऐकतो तेव्हा मला काहीतरी ओळखीचं वाटतं, पण बोट ठेवता येत नाही.

मंद्रसप्तक

सुंदर धागा. एक शंका. पाइप ऑर्गन म्हणजे आपल्या संगीत नाटकातला ऑर्गनच ना, आकाराने मोठा? बालगंधर्वांच्या मंडळीत पायाने भाता मारायचा ऑर्गन असे, आजी त्याच्या आठवणी सांगायची. ती म्हणायची, पडदा वर जायच्या आधी ऑर्गनचा स्वर आला की थेटर गप्प व्हायचं.

वसईचा_वारा

मंद्रसप्तक, नाव एकच असलं तरी आतून ती दोन वाद्यं वेगळी. नाटकातला ऑर्गन, पायपेटी, हातपेटी ही एका घराण्यातली. त्यांत पितळेच्या पातळ जिभा असतात आणि हवा गेली की त्या थरथरतात. पेटीचा मूळ पुरुष, हार्मोनियम, १८४०च्या दशकात पॅरिसलाच अलेक्झांद्र दबँ यांनी बनवला. पाइप ऑर्गन त्याच्यापेक्षा फार म्हातारा. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात क्तेसिबियोस नावाच्या कारागिराने पाण्याच्या दाबावर वाजणारा ऑर्गन केला होता.

त्यात प्रत्येक स्वराला स्वतःची नळी. बहुतेक नळ्या शिट्टीसारख्या, ओठावर हवा आपटते आणि नळीतला हवेचा खांब बोलतो. बासरीच्याच जातीच्या. काही नळ्यांत मात्र जीभ असते, पुंगीत असते तशी, एकेरी, फटीवर आपटणारी. त्या नळ्यांचा आवाज तुतारीसारखा फाडत येतो.

मी वसईचा, कॅथलिक. आमच्या चर्चमध्ये मिस्सा मराठीत होते. साथीला पेटी, तबला, हल्ली कीबोर्ड. शाळेत असताना आमच्या गायनमंडळाला कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलला नेलं होतं, तिथे पहिल्यांदा नळ्यांचा ऑर्गन पाहिला. सोबतच्या धर्मगुरूंनी सांगितलेलं अजून आठवतं. १९६३ साली व्हॅटिकनच्या परिषदेने उपासनेच्या संगीताबद्दल जो दस्तऐवज काढला, त्यात पाइप ऑर्गनला मोठा मान द्यावा असं लिहिलं आहे आणि इतर योग्य वाद्यांनाही जागा दिली आहे. आमच्या तबल्याला देवळाचं दार उघडलं ते त्याच कागदाने.

पखवाजी

दूरदेशी, तुमचा आनंद समजतो, पण मला थोडं विरुद्ध बोलायचं आहे.

मेसियाँ भारतात ताल शिकायला आले नव्हते. लाविन्याक यांच्या फ्रेंच संगीतकोशात जोआनी ग्रोसे यांचा भारतीय संगीतावर लेख होता, त्यात शार्ङ्गदेवांच्या देशी तालांची यादी होती. मेसियाँनी ती यादी घेतली. यादी म्हणजे लघु, गुरु, द्रुत, प्लुत या लहान-मोठ्या काळांची मापं. आज ज्याला आपण ताल म्हणतो त्यात ठेका असतो, सम (आवर्तनाची पहिली, वजनाची मात्रा) असते, खाली असते, बोल असतात. 'धा' आणि 'ता' यांत काळाचा फरक नाही, वजनाचा आहे. ते वजन काढून घेतलं तर माझ्या हातात काय उरतं? मी तो तुकडा आज तीनदा ऐकला. मला सम सापडली नाही. सारस, गजझंप ही नावं वाचून छाती फुगते हे खरं, पण नावापुढे जाऊन मला ताल ऐकू आला पाहिजे.

दूरदेशी

पखवाजी, तुमचं म्हणणं मनाला लागलं, कारण माझीही अडचण तीच आहे. मलाही सम सापडत नाही. तरीही ऐकताना मी बोटं मोजत असतो. का मोजतो ते सांगता येत नाही.

माडीवरची_माणूस

मी पुण्यात पियानो शिकवते. त्याआधी जर्मनीत दोन वर्षं ऑर्गन शिकले, म्हणून लिहिते. पखवाजींचा प्रश्न नेमका आहे आणि त्याचं उत्तर वाद्यातच आहे असं मला वाटतं.

ऑर्गनवर आघात नसतो. पियानोची पट्टी जोरात दाबली की स्वर जोरात येतो. ऑर्गनची पट्टी हळू दाबा, जोरात दाबा, नळीत जाणारी हवा तेवढीच. म्हणजे एका स्वराला दुसऱ्यापेक्षा वजन द्यायला हाताकडे काहीच नाही. माझे पहिले सहा महिने यातच गेले. मी पियानोच्या सवयीने समेवर जोर द्यायची, आणि गुरुजी शांतपणे म्हणायचे, तुझा जोर इथे कुणालाच ऐकू येत नाही. मग त्यांनी शिकवलं, वजन द्यायचं असेल तर त्या स्वराला केसभर जास्त वेळ दे, किंवा त्याच्या आधीचा स्वर केसभर लवकर सोड. त्या छोट्या शांततेनंतर येणारा स्वर कानाला जड लागतो. बाख या जुन्या जर्मन रचनाकाराचं सगळं वादन या सोडण्यावर चालतं. पट्टी दाबायला कुणीही शिकतो. पट्टी सोडायला वर्षं जातात.

दुसरं, ऑर्गनचा स्वर विरत नाही. तबल्याचा, सतारीचा, पियानोचा स्वर जन्मल्या क्षणापासून मरायला लागतो. ऑर्गनचा स्वर पट्टी दाबलेली आहे तोवर जसाच्या तसा उभा. तो कधी संपला हे सुरीने कापल्यासारखं कळतं.

आता हे दोन्ही एकत्र बघा. ज्या वाद्यात आघात नाही आणि स्वराचा शेवट अगदी अचूक ऐकू येतो, त्या वाद्यावर लयीसाठी हातात काय उरतं? फक्त काळाची लांबी. मेसियाँना कोशात जी यादी मिळाली तीही फक्त लांब्यांची. बोल नसलेले ताल आणि बोल नसलेलं वाद्य. पियानोवाल्याला त्या यादीचा एवढा उपयोग झाला नसता. मेसियाँ स्वतः पियानोही उत्तम वाजवत आणि त्यासाठीही त्यांनी हे ताल वापरले, पण ते कान ऑर्गनच्या बाकावर तयार झालेले होते असं मी मानते.

याच वहीचा शेवटचा तुकडा ऐका, 'चौसष्ट काळ' असं त्याचं नाव. सर्वांत लहान एककापासून चौसष्ट एककांपर्यंत प्रत्येक लांबी, आणि वर पक्ष्यांचे आवाज. एकसष्ट आणि बासष्ट यांतला फरक ऐकू यावा अशी त्यांची अपेक्षा. मला तो दरवेळी ऐकू येत नाही, पण ऐकण्याचा प्रयत्न करताना कान बदलतो.

मंद्रसप्तक

ताई, हे वाचून अंगावर काटा आला. विरत नाही म्हणालात म्हणून विचारते, तंबोऱ्याशी काही नातं आहे का? मी गाणं शिकते. तंबोरा छान जुळला की स्वयंभू गांधार, म्हणजे तार नसताना आपोआप उमटणारा ग, ऐकू येतो, तसं काही तिथे होतं का?

माडीवरची_माणूस

होतं, आणि तिथे तो गांधार कारागीर वेगळ्या नळीने घालतात! ऑर्गनच्या नळ्यांच्या रांगा असतात, त्यांना स्टॉप म्हणतात. खुंटी ओढली की ती रांग बोलायला लागते. मूळ रांगेला ८ फूट म्हणतात, कारण कळफलकाच्या डाव्या टोकाच्या सी ला उघडी नळी साधारण ८ फूट लागते. ४ फुटांची रांग एक सप्तक वर, १६ फुटांची एक सप्तक खाली. ३२ फुटांची त्याच्याही खाली, सेकंदाला सोळाच कंपनं. दूरदेशींच्या बाकाला आधी कळला तो स्वर तशाच एखाद्या लांब नळीचा असणार.

पण २ पूर्णांक २/३ फुटांचीही रांग असते. ती सा दाबला की वरचा पंचम देते. आणि १ पूर्णांक ३/५ फुटांची रांग गांधार देते, नेमका तोच, मूळ स्वराच्या पाचपट कंपनांचा, तुमच्या तंबोऱ्यातला. या रांगा एकट्या वाजवत नाहीत. ८ फुटांवर त्या बारीक आवाजात मिसळल्या की वेगळा गांधार ऐकू येत नाही, सा चाच रंग बदलतो, त्याला नाकातला गोडवा येतो. जुन्या फ्रेंच ऑर्गनांत हा रंग फार जपलेला आहे.

कळकाचं_बेट

ऑर्गनच्या नळ्या नेहमी कथलाच्या, शिशाच्या किंवा लाकडाच्या असतात असं वाचलं होतं. पण फिलिपिन्समध्ये लास पिन्यास इथे बांबूचा ऑर्गन आहे. दिएगो सेरा नावाच्या धर्मगुरूंनी १८१६ साली कामाला सुरुवात केली आणि १८२४ साली तो पुरा झाला. एकूण १,०३१ नळ्या, त्यांतल्या ९०२ बांबूच्या. कीड लागू नये म्हणून त्यांनी बांबू समुद्राच्या वाळूत पुरून ठेवला होता. १९७०च्या दशकात तो दुरुस्तीसाठी जर्मनीत बॉनला नेला आणि परत आणला. जिभेच्या, तुतारीसारख्या नळ्या मात्र धातूच्याच ठेवल्या.

मी कोकणातला. आमच्याकडेही कळक कापल्यावर पाण्यात बुडवून ठेवतात, भुंगा लागत नाही. आमच्या परसातल्या बेटातून असं वाद्य उभं राहू शकतं हा विचार माझ्या मनातून जात नाही.

सांजदिवा

आगीनंतर नोत्र दामच्या ऑर्गनचं काय झालं? धागाकर्ते तिथेच आहेत म्हणून विचारते.

दूरदेशी

सांजदिवा, ऑर्गन वाचला. १५ एप्रिल २०१९ ला छत जळून कोसळलं, पण ऑर्गन पश्चिमेच्या दगडी भिंतीपाशी, दोन मनोऱ्यांच्या मध्ये आहे. आग त्याच्यापर्यंत आली नाही. त्रास झाला तो शिशाच्या धुळीचा, कारण छतावर शिशाचे पत्रे होते. साधारण ८,००० नळ्या. त्या उतरवून साफ केल्या, परत बसवल्या आणि मग एकेका नळीचा आवाज पुन्हा जुळवला. हे शेवटचं काम रात्री चाले, कारण दिवसा बांधकामाच्या आवाजात कान लागत नाही.

७ डिसेंबर २०२४ ला दारं उघडली तेव्हा आर्चबिशपांनी ऑर्गनला हाक मारली, जागा हो, आणि ऑर्गनने उत्तर दिलं. अशा आठ हाका, आठ उत्तरं. माडीवर चार वादक होते, आळीपाळीने तिथल्या तिथे सुचेल ते वाजवत. मी नदीच्या पलीकडे थंडीत, फोन कानाला लावून ऐकत उभा होतो. पहिल्या हाकेनंतरचा स्वर आला तेव्हा शेजारी उभ्या म्हाताऱ्या बाई रडत होत्या. मीही.

त्याच माडीवर २ जून १९३७ ला लुई व्हिएर्न गेले. जवळजवळ आंधळे, १९०० सालापासून तिथले वादक. तो त्यांचा १,७५० वा कार्यक्रम होता असं सांगतात. वाजवता वाजवता कोसळले आणि पाय खालच्या एका पेडलवर पडला. तो स्वर देवळात भरून राहिला. माडीवरची_माणूस ताई म्हणाल्या ना, पट्टी दाबलेली आहे तोवर स्वर विरत नाही. ते वाक्य वाचलं आणि मला हेच आठवलं.

वसईचा_वारा

आंधळ्या वादकांत हेल्मुट वाल्खा यांचं नाव घ्यायलाच हवं. तरुणपणीच दृष्टी पूर्ण गेली. बाखच्या रचनेत चार आवाज असतील तर प्रत्येक आवाज वेगळा वाजवून घेत, ऐकून पाठ करत आणि मग मनात चारही एकत्र विणत. बाखचं ऑर्गनसंगीत त्यांनी दोनदा ध्वनिमुद्रित केलं. काही मुद्रणं काप्पेलच्या १६८० सालच्या ऑर्गनवर आहेत, तो आर्प श्निटगर यांच्या हातचा. माझ्या वडिलांकडे त्याची तबकडी होती. गुड फ्रायडेला आमच्या घरी दुसरं काही लागत नसे.

कळकाचं_बेट

नवख्याने सुरुवात कुठून करावी? दोन-तीनच सांगा.

माडीवरची_माणूस

तालाच्या लोकांनी बाखच्या सी मायनर पासाकालियापासून सुरुवात करावी. पायाच्या पट्ट्यांवर आठ मात्राखंडांची एक ओळ एकटी येते. मग ती ओळ फिरत राहते आणि तिच्यावर वीस वेळा नवं काम होतं. तबल्याच्या एकलवादनात लेहरा, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारी सुरांची ओळ, धरून ठेवतात, तेच नातं. मधे ती ओळ पायातून निघून वरच्या हातात जाते तेव्हा क्षणभर जमीन गेल्यासारखं होतं. आणि हे विसाव्या वर्षी आर्नश्टाटहून ल्यूबेकला, चारशे किलोमीटरवर, बुक्स्टेहुडे या ऑर्गनवादकाला ऐकायला पायी गेलेल्या माणसाचं काम आहे. चार आठवड्यांची रजा काढून गेला आणि चार महिने राहिला. पायी वारी करणाऱ्यांना त्याची ओढ वेगळी सांगावी लागणार नाही.

मग झाँ आलँ यांची 'लितानी'. हा मुलगा १९४० साली युद्धात २९ व्या वर्षी गेला. त्याची बहीण मारी-क्लेर आलँ पुढे फार मोठी वादक झाली आणि भावाचं संगीत तिने जगभर नेलं. आणि मेसियाँ यांच्या 'नाटिव्हिते'चा शेवटचा भाग. 'लिव्र दॉर्ग' सगळ्यात शेवटी.

पखवाजी

दोन दिवस लिहिलं नाही, कारण ताईंचा प्रतिसाद डोक्यात फिरत होता.

आज तालाध्याय काढून बसलो. मेसियाँनी स्वतःच्या संगीतभाषेवर १९४४ साली जे पुस्तक लिहिलं, त्यात ते रागवर्धन या तालापासून सुरुवात करतात असं वाचलं, म्हणून तोच घेतला. द्रुत, द्रुतविराम, द्रुत, प्लुत. लघु चार एककांचा धरला तर २, ३, २, १२. पहिले तीन बघा: २, ३, २. सुलट वाचा, उलट वाचा, तेच. आणि मधल्या द्रुतावर विरामाने एक एकक वाढवलं आहे. मेसियाँना या तालात जे दोन गुण सापडले, उलटं न होणारा काळ आणि वाढवलेली छोटी मात्रा, ते दोन्ही एवढ्याशा तीन खुणांत बसलेले आहेत. हे नुसतं नाव उचलणं नाही. त्यांनी ताल वाचला होता. माझा पहिला प्रतिसाद घाईचा होता.

आणखी एक गोष्ट मी विसरलो होतो. त्याच अध्यायात मार्गतालांच्या क्रिया आहेत. टाळी, चुटकी या सशब्द क्रिया. पण आवाप, निष्क्राम, विक्षेप, प्रवेश या चार निःशब्द. हात हलतो, आवाज होत नाही, काळ मात्र मोजला जातो. आपल्याही शास्त्रात काळाला नेहमी आघात लागत नव्हता. मी पखवाजावर वाढलो, म्हणून मला बोलाशिवाय ताल सुचत नव्हता.

रागवर्धन मी हातावर धरून पाहिला. दोन, तीन, दोन, हे सहज येतं. मग बाराचा प्लुत. तिथे हाताला काही काम नाही, नुसतं मोजत थांबायचं. पखवाजावर ती जागा मी कधीच रिकामी ठेवली नसती, परण, म्हणजे बोलांची बांधलेली रचना, भरली असती. आज ठेवली. पाचव्या-सहाव्या आवर्तनाला तो प्लुत लांब वाटायचा थांबला.

दूरदेशी, येत्या रविवारी त्रिनितेला गेलात तर माझ्यासाठी एवढं कराल का? लांब स्वर आला की तो सुटेपर्यंत मोजा, आणि किती झाले ते इथे लिहा.